बेसिनातला गाळ

पेशी जिवंत होत्या. यासेन्काने सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, चष्मा झग्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. बाटलीच्या तळाला त्या अंग पसरून, एकमेकींना खेटून बसल्या होत्या, उन्हाला बसलेल्या बायकांसारख्या निवांत. परवा सकाळी तिने त्यांना प्युरोमायसिन घातलं होतं. एव्हाना त्या तळ सोडून, आक्रसून, वर तरंगायला हव्या होत्या. शेजारच्या बाटलीत नुसतं पाणी घातलं होतं, आणि तीही अगदी अशीच दिसत होती. औषध घातलेली आणि न घातलेली यांत तिळाएवढा फरक नाही. असं पहिल्यांदा झालं तेव्हा तिने स्वतःला दोष दिला होता, दुसऱ्यांदा औषधाला. आता तिसऱ्यांदा दोष द्यायला माणसाशिवाय काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते माणूस कोण, हे तिने पहिल्याच वेळी मनात ठरवून टाकलं होतं.

प्युरोमायसिनवर तिचा विश्वास होता. माणसांपेक्षा जास्त. पेशीत प्रथिनं तयार करणारे बारीक बारीक कारागीर असतात, रायबोसोम. माळेत मणी ओवावा तसा ते एकेक दुवा जोडत जातात. प्युरोमायसिन दिसायला हुबेहूब त्या दुव्याच्या टोकासारखं असतं. कारागिराला वाटतं, हा आपल्यातलाच. तो त्याला ओवून घेतो आणि माळ तिथेच तुटते, अर्धवट. पुढचं काम बंद. मग जुनी प्रथिनं किती काळ टिकतात, हे निवांत मोजत बसायचं. हेच यासेन्काचं चार वर्षांचं काम होतं आणि मार्चमध्ये तिची नेमणूक पुढे चालवायची की नाही, ते याच्यावरच ठरणार होतं. सर्बियातल्या नोवी सादमधल्या या संस्थेत कपातीची कुजबुज सुरू झाली होती. हातात निकाल नसलेल्या माणसाला ठेवण्याइतकं मोठं मन तिथे कुणाचं नव्हतं, आणि ते असावं अशी तिची अपेक्षाही नव्हती. आपल्यातलाच समजून आत घेतलेला माणूस काय करू शकतो, हे प्युरोमायसिनने तिला रोज दाखवलं होतं. तिच्या आईने तर त्याच्या कितीतरी आधी शिकवलं होतं.

दार ढकलून ल्युबिंका कॉफी घेऊन आली. प्रयोगशाळेची ही मदतनीस सगळ्यांची द्रावणं तयार करायची, काचसामान धुवायची आणि कुणी मागितली नसली तरी सगळ्यांना कॉफी करून द्यायची. वय साठीला टेकलेलं, पायात लोकरी मोजे आणि लाकडी सपाता. तरणी मंडळी तिला तेता म्हणत, मावशी म्हणावं तसं. तिने कप सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवला, बाटल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “मेल्या का गं?” यासेन्काने नाही म्हणून मान हलवली. “चिवट आहेत मेल्या,” असं म्हणून ल्युबिंका गेली. सपातांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू येत राहिला. मेल्या का, असं का विचारलं तिने? मरणार नाहीत हे ठाऊक असल्याशिवाय असं कुणी विचारतं का? यासेन्काने कप उचलला, अंधारखोलीत नेला आणि कॉफी बेसिनात ओतली. नळ सोडून कप विसळला, पुसला. हे ती गेले तीन आठवडे रोज करत होती. धुतलेला कप ल्युबिंकाच्या ट्रेमध्ये ठेवताना “छान झाली होती, तेता” असंही ती न चुकता म्हणायची.

हे तिला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं. ती बारा वर्षांची असताना, सर्ब आणि क्रोएशियन यांच्यातल्या युद्धाच्या पहिल्या हिवाळ्याआधी, त्यांच्या इमारतीच्या दारातल्या पत्र्याच्या टपालपेटीवर कुणीतरी काळ्या शाईने एक फुली मारली. दोन रेघा, एकमेकींवर आडव्या, बस. बाबा म्हणाले, फुली आहे, पोरासोरांचं काम; नाहीतर पोस्टमनने केलेली खूण असेल, आपल्या पेटीचं कुलूप मोडलंय ना. आईने मात्र ती खूण सिरिलिक लिपीत वाचली. सिरिलिकमध्ये अशा फुलीचा होतो ‘ह’. ह ह्रवातचा. ह्रवात म्हणजे क्रोएशियन, आणि बाबा ओसियेकचे क्रोएशियन होते. ते माणसांचे कृत्रिम दात बनवायचे. अर्ध्या गल्लीच्या तोंडात त्यांनी केलेले दात होते, आणि त्याच दातांनी लोक काय बोलतायत हे आईला ऐकायला येऊ लागलं होतं. फुली कुणी मारली? आईने खालच्या मजल्यावरच्या झोर्काचं नाव घेतलं. का, तर झोर्का त्या दिवशी जिन्यात भेटली आणि तिने नजर चुकवली. त्यानंतरही झोर्का दर उन्हाळ्यात चेरीचा मोरंबा पाठवायची. आई हसून बरणी घ्यायची, दार लावून मोरंबा संडासात ओतायची, बरणी लख्ख धुवायची आणि आभार मानून परत करायची. पुढच्या वर्षी बाबा चार दिवसांसाठी म्हणून हंगेरीत पेचला, बहिणीकडे गेले. ते चार दिवस संपलेच नाहीत. आईने दारावरची पाटी उतरवून आपलं माहेरचं सर्बियन नाव सिरिलिकमध्ये लावलं आणि शाळेत यासेन्काचंही तेच केलं. यासेन्का बारिशिचची यासेन्का लाझिन झाली. लाझिन म्हटल्यावर कुणी काही विचारत नाही.

फक्त ल्युबिंकाने विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, हात पदराला पुसावेत तसे झग्याला पुसत ती म्हणाली होती, “तू कुणाची गं, पोरी?” खेड्यापाड्यातली म्हातारी माणसं असं विचारतात, हे यासेन्काला माहीत होतं. तरी तिच्या मनात पाल चुकचुकली. “कुणाची नाही,” ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. तेव्हापासून तिने ल्युबिंकावर नजर ठेवली. ल्युबिंका फक्त सिरिलिकमध्ये लिहायची, किराणाच्या चिठ्ठीपासून बाटलीवरच्या पट्टीपर्यंत. यासेन्का लॅटिनमध्ये. या शहरात निम्मी माणसं असं आणि निम्मी तसं लिहितात, एकच माणूस सकाळी असं नि दुपारी तसं लिहितो, कुणी ढुंकून बघत नाही. पण यासेन्का बघायची. ल्युबिंकाच्या कपाटात आतल्या बाजूला एका तरुणाचा लष्करी गणवेशातला फोटो चिकटवलेला होता. तिचा भाऊ, एक्याण्णवच्या शरद ऋतूत गेलेला. कुठे आणि कुणाच्या गोळीने, हे विचारायची यासेन्काला कधी छाती झाली नाही. उत्तर तिने मनातच लिहून टाकलं होतं. डिसेंबरच्या पंचवीस तारखेला तिने रजा घेतली तर दुसऱ्या दिवशी ल्युबिंका म्हणाली होती, “काल कुठे होतीस गं?” सर्बियन माणसाचा नाताळ जानेवारीत असतो. पंचवीस डिसेंबरला सुट्टी कोण घेतं? पेचच्या दफनभूमीत बाबांच्या दगडावरचा बर्फ झाडायला कोण जातं? नुसतं विचारल्याने काही बिघडत नाही, असं ती स्वतःला समजावायची. पण पुन्हा जानेवारी यायचा, ल्युबिंकाच्या घरी संत योवानच्या दिवशी स्लावा असायची, म्हणजे त्यांच्या कुळाच्या संताचा सण, आणि सगळी प्रयोगशाळा तिच्याकडे अक्रोड घातलेला गोड गहू आणि भाजलेलं डुक्कर हाणून यायची. यासेन्काला तिने एकदाही ‘ये’ म्हटलं नव्हतं. यंदाच्या स्लावाला तर यासेन्का तापाने घरीच पडली होती. ती नसताना नवं प्युरोमायसिन विरघळवून, नळ्यांमध्ये भरून शीतपेटीत ठेवलं ते ल्युबिंकाने. आणि त्यानंतरच्या पहिल्या प्रयोगापासून पेशी मरेनाशा झाल्या. आता याच्यावर आणखी काय पुरावा हवा?

ती प्रोफेसर चोलोविचकडे गेली. जाताना जिन्यात दोनदा थांबली, कारण आपण काय करायला निघालोय ते तिला पक्कं माहीत होतं. कपातीत प्रत्येक विभागाला एक माणूस द्यायचं होतं, आणि ल्युबिंकाच्या पेन्शनला अजून दोन वर्षं होती. एक शब्द पुरला असता. विभागप्रमुख चोलोविच खिशातल्या चाकूने सफरचंद सोलत बसले होते. साल एकसंध निघावी म्हणून त्यांचं बोलण्याकडे अर्धंच लक्ष होतं. यासेन्का म्हणाली की तीन वेळा प्रयोग फसला, पेशी ठीक आहेत, पावडर नवी आहे, तेव्हा द्रावणातच काहीतरी केलेलं आहे. चुकून नव्हे.

“मी कुणाचं नाव घेत नाही,” ती म्हणाली.

“गरजच नाही,” चोलोविच म्हणाले. साल तुटली नाही. त्यांनी ती कागदावर ठेवली आणि सफरचंदाची एक फोड तिच्यापुढे केली. “मलाही वाटत होतंच. वय झालं की माणसं कडवट होतात. त्या नळ्या आणून द्या, बाहेर तपासून घेऊ. बाकीचं मी बघतो.”

तिने फोड खाल्ली. हलकं वाटलं, फार दिवसांनी. आपल्याला जे वाटतं ते दुसऱ्यालाही वाटत होतं, याच्यासारखं सुख नाही. पण जिना उतरताना त्या सुखाला एक घाण चव येऊ लागली. चोलोविचना काय वाटत होतं? कधीपासून? की त्यांना काहीच वाटत नव्हतं आणि तिने आयतं हातात दिलं? एक नाव हवंच होतं त्यांना. तिचंही चाललं असतं. आता त्या माणसावरही संशय घ्यावा लागणार, असं वाटून तिला थकवा आला.

शीतपेटीतून तिने नळ्यांची पेटी काढली आणि टेबलावर ठेवली. दोन ओळी होत्या. एका ओळीच्या झाकणांवर दोन उभ्या रेघा, म्हणजे अकरा, अकरावा महिना; ते नोव्हेंबरातलं जुनं औषध, त्याला तिने हात लावला नव्हता. दुसऱ्या ओळीवर एक उभी दांडी आणि वर डोक्याशी पोट. प. प्युरोमायसिनचा प. यातल्याच नळ्या ती वापरत आली होती. हातमोजे शोधत असताना आईचा फोन आला. आई आधी सरपणाबद्दल बोलली, मग गुडघ्याबद्दल, आणि मग काहीच विशेष नसल्यासारखी म्हणाली की झोर्काला नेलं सकाळी. रुग्णवाहिका आली होती. जिन्यात पडली म्हणे. बराच वेळ हाका मारत होती.

“तू ऐकल्यास?” यासेन्काने विचारलं.

“भिंत केवढीशी आहे. ऐकल्याच की.”

“मग?”

“मग काय? दाराच्या भोकातून बघत होते. कुणीतरी येईलच म्हटलं. आलंच.” आईने आवाज खाली आणला. “माझंच नाव घेत होती. पण मी का उघडू गं? तिने फुली मारलेली.”

“तिनेच मारली हे कुणी पाहिलंय, आई?”

“त्यात पाहायचंय काय?” आई म्हणाली आणि फोन ठेवला.

यासेन्का उभीच राहिली. जिन्यात पडून आईला हाका मारणारी झोर्का आणि दारामागे श्वास रोखून उभी असलेली आई, दोघी तिला एकदमच दिसल्या, आणि दोघींची दया आली. सोळा-सतरा वर्षं धुतलेल्या बरण्या त्या जिन्यावरून खालीवर गेल्या होत्या. झोर्काने नजर चुकवली होती, पण बाबांकडून तिने उधारीवर दात करून घेतले होते, त्याचीही लाज असेल. हे आज पहिल्यांदा तिच्या मनात आलं. आईच्या मनात कधीच आलं नसेल. तिने डोळे पुसले आणि पेटीकडे पाहिलं. तेवढ्या वेळात झाकणांवरचं हिम वितळलं होतं. पाण्याचा एक थेंब बोटाने पुसला तेव्हा अकराच्या दोन उभ्या रेघांच्या डोक्यावर एक बारीक आडवी रेघ वर आली. शेजारच्या झाकणावर आली, त्याच्या शेजारच्याही. ते अकरा नव्हतं. दोन खांब आणि वर तुळई. सिरिलिकमधला प.

मग तो दुसरा कोण? दांडी आणि पोट. तिने ते अक्षर शाळेत पहिलीत गिरवलं होतं, रोज हजार ठिकाणी वाचलं होतं. लॅटिनमध्ये वाचलं तर प. सिरिलिकमध्ये वाचलं तर र. र रास्त्वाराचचा, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात ते नुसतं पाणी. ल्युबिंकाने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली होती, औषध आणि त्याचंच पाणी, म्हणजे तापातून उठलेल्या पोरीला पुन्हा पाणी गाळत बसायला नको. तीन आठवडे यासेन्काने पेशींना पाणी पाजलं होतं आणि त्या मरत का नाहीत म्हणून माणसं तपासत बसली होती. दोन नळ्या मुठीत घेऊन ती निघाली. चोलोविचकडे नाही, धुण्याच्या खोलीकडे. का, ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच की ज्याला विचारायचं त्याला एकदातरी विचारावं.

ल्युबिंका स्टुलावर बसली होती. नळ चालू होता आणि ती काही धूत नव्हती. चोलोविचनी बोलावून सांगितलं, ती म्हणाली, की थकलायत तुम्ही, घरी बसा. कुणीतरी सांगितलंय की मी द्रावणं बिघडवते. “बिघडवत असेन गं, पोरी. परवा गॅस चालू ठेवून बाजारात गेले. माझ्या आईचं असंच झालं होतं, शेवटी शेवटी मला ओळखेना. तुझ्या पेशी मरत नाहीत बघितल्यापासून मला झोप नाही. रोज विचारायचे, मेल्या का, मेल्या का. म्हटलं एकदातरी हो म्हण.”

यासेन्काने नळ्या तिच्या मांडीवर ठेवल्या. “तेता, हे काय आहे?”

ल्युबिंकाने चष्मा कपाळावरून खाली ओढला. “हा प. औषध. आणि हा र. रास्त्वाराच. का गं?”

“मी रला प वाचलं.”

ल्युबिंकाने नळी वळवून पाहिली. मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग तिने डोळ्यांना झगा लावला आणि ती रडतेय की हसतेय ते कळेना. म्हणजे माझं डोकं ठीक आहे, म्हणजे माझं डोकं ठीक आहे, असं ती म्हणत राहिली. तिने नळ बंद केला, सपाता नीट घातल्या. “चल वर. त्या सफरचंदवाल्याला सांगू. आणि ती चहाडी करणारा कोण तेही विचारते. तो मोमीरच असणार. माझ्याकडे बघून नजर चुकवतो मेला.”

यासेन्का त्या क्षणी गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. चूक अक्षराची ठरली असती, ल्युबिंकाची नोकरी वाचली असती आणि मोमीर, जो कोपऱ्यात बसून आपली मोजमापं करत असायचा आणि लाजाळूपणाने कुणाकडेच बघत नसे, त्याला आयुष्यभर धुतलेले कप परत आले असते.

“मोमीर नाही,” ती म्हणाली. “चहाडी मी केली.”

ल्युबिंकाने तिच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा स्टुलावर बसली.

“मला विचारायचं होतंस.”

“हो.”

“चार पावलांवर तर बसते मी.” तिने मांडीवरच्या झग्यावरून हात फिरवला. “कॉफी ओततेस ते माहीत होतं मला. अंधारखोलीचं बेसिन मीच घासते ना. रोज गाळ असायचा. म्हटलं, नसेल आवडत माझ्या हातची, सांगायला लाजत असेल. दूध घालून पाहिलं, साखर कमी करून पाहिली. स्लावालाही तुझी वाट बघितली, चार वर्षं. दरवर्षी तुझं ताट मांडायचे.”

“तुम्ही कधी बोलावलं नाहीत.”

“स्लावाला कुणी बोलावतं का गं? ज्याला यायचं तो येतो.” ल्युबिंका खरंच चकित झाली होती. तिने चष्मा काढला, आणि यासेन्काच्या चेहऱ्याकडे अशी पाहू लागली जणू त्यावरची रेघ हिमाखाली गेली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर यासेन्काला सोपं गेलं असतं. “तू कुणाची गं, पोरी?”

तोच प्रश्न. तेच शब्द. यासेन्काला पळून जावंसं वाटलं. टपालपेटीवरच्या दोन रेघा तिच्या डोळ्यांपुढे आल्या, आणि त्यांच्यासमोर उभे राहून, ही नुसती फुली आहे गं, असं आईला समजावणारे बाबा. तोंडात दातांच्या साच्याची पांढरी पूड असल्यासारखी जीभ कोरडी पडली होती.

“मातोची,” ती म्हणाली. “ओसियेकच्या मातो बारिशिचची. दात करायचे ते.” या इमारतीत ते नाव तिने पहिल्यांदा उच्चारलं होतं.

ल्युबिंकाने ते नाव ओठांत एकदा म्हणून पाहिलं. तिच्या तोंडावर काय आलं ते यासेन्काने मुद्दाम वाचलं नाही. यापुढे न विचारता काही वाचायचं नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं, आणि ते किती दिवस जमेल याचा तिला भरवसा नव्हता. ल्युबिंका गुडघ्यांवर हात टेकून उठली, नळ्या झग्याच्या खिशात टाकल्या आणि दाराकडे निघाली.

“चल, मातोची पोरी,” ती मागे न बघता म्हणाली. “वर गेल्यावर आधी तू बोलायचं.”

जिना चढताना सपातांचा आवाज पुढे आणि यासेन्का मागे होती.